ताईचा चषक

माझी धाकटी बहीण संघमित्रा एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. हुशार आहे हो, पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची भारी हौस!

यंदा कॉलेजचा संशोधन पुरस्कार होता. तो मिळाला की बढती जवळजवळ पक्की. नियम सोपा: ज्या नियतकालिकात लेख छापला, त्याचा आकडा बघायचा. म्हणजे त्यातल्या लेखांचा दाखला इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात, ते. संघमित्राचा सहा, गणिताच्या वैशाली मॅडमचा दोन. मी तर पेढे सांगून ठेवले.

आणि ही बया भर मीटिंगमध्ये उठून म्हणते, नियमच चुकलाय! म्हणे, आमच्या विषयात लोक ढिगाने दाखले देतात, गणितात मोजकेच. कबड्डीचे गुण आणि फुटबॉलचे गोल एकाच फळ्यावर कशाला मांडता? ज्याचा आकडा त्याच्या विषयाच्या सरासरीशी ताडून बघा. तिच्या विषयाची सरासरी चार, गणिताची एक. ही दीडपट, वैशाली मॅडम दुप्पट. कमिटीला पटलं. पुरस्कार गेला तिकडे, बढतीही लटकली.

माझी सटकलीच. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात ती चहा पीत बसली होती. म्हटलं, "अगं येडे, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

तिने टीव्हीवर ठेवलेल्या माझ्या चषकाकडे बोट केलं. "ताई, तो तुला कसा मिळाला?"

आमच्या वस्तीत जयंतीला दहावीच्या पोरांचा सत्कार असतो. आधी नुसते टक्के बघायचे. शेजारचे ज्योतिबाकाका कमिटीशी भांडले, म्हणाले, दिवसा राबून रात्रशाळेत शिकणाऱ्यांना त्यांच्या-त्यांच्यात बघा, आणि चषक तेवढाच मोठा द्या. मी तेव्हा दिवसा तुर्भ्याला पॅकिंगला जायचे, रात्री शाळेत. मला अठ्ठावन्न टक्के. स्टेजवर मी, शेजारी ब्याण्णववाला, दोघांच्या हातात सारखाच चषक. चिमुरडी संघमित्रा समोर बसून हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होती.

मी उठले. पेढे आणलेच, वैशाली मॅडमच्या घरीही धाडले.

दुसऱ्या दिवशी चषक पुसून संघमित्राच्या बॅगेत घातला.

"कॉलेजात टेबलावर ठेव," म्हटलं. "आणि कुणी विचारलं ना, तर ताठ मानेने सांग, माझ्या ताईने जिंकलाय."