भरतीला की ओहोटीला?

केसरमावशी खाडीपलीकडची कोळीण. नात ऋतिकासाठी मोफत जागेचा अर्ज घेऊन ती आमच्या शाळेत आली. नियम असा, की घर शाळेपासून तीन किलोमीटरच्या आत हवं. मी विचारलं, "घर किती लांब?"

"भरतीला की ओहोटीला, गुरुजी?"

भरतीला होडीनं पाच मिनिटं. ओहोटीला होडी चालत नाही, मग रस्त्यानं वळसा घालून नऊ किलोमीटर. तपासणीच्या साहेबांनी रस्ता मोजला आणि अर्ज नाकारला. माझं डोकंच फिरलं. मावशी मात्र हसली. "घर तर बघा," म्हणत स्वतः होडी वल्हवत तिनं आम्हा दोघांना पलीकडे नेलं, बोंबील तळून वाढले.

हात धुऊन साहेब निघाले. मावशी जागची हलली नाही.

"रस्त्यानं जावा, सायेब. तुमच्या कागदावर होडी न्हाय."