तिसऱ्यांदा उघडलेला गिअरबॉक्स

आमचे हे म्हणजे कानसेन. गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनीच पाडलेलं नाव. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "टॅपेट सैल आहे." नाहीतर, "पिस्टन आपटतोय, गरम झाला की गप्प बसेल." उघडून बघावं तर तस्संच. त्या कानांवर आमचं घर चालतं. बाकी माणूस एक नंबरचा हेकट.

लग्न झाल्यापासून मीही याच गॅरेजात हात काळे करतेय. माझ्या सासऱ्यांची जुनी मोटरसायकल कोपऱ्यात धूळ खात पडली होती. यंदा ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला, ती पुन्हा उभी करायची. केली. किक मारताच सुरू झाली, मला तर रडूच आलं. आणि हे म्हणतात, "शीळ वाजतेय. गिअरबॉक्समध्ये."

मला शीळबीळ काही ऐकू येईना. पण बोलायची सोय आहे का? गिअरबॉक्स उघडला, बेअरिंगं बदलली, बंद केला. शीळ आहेच. पुन्हा उघडला, दात न् दात तपासला. शीळ आहेच. पार्टवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग ह्यांची गाडी माझ्यावर घसरली. "तूच नट नीट आवळला नाहीस!"

"मग स्वतः आवळायचा होता! तुमचे हात काय कुणी बांधून ठेवले होते?"

दोन दिवस अबोला.

तिसऱ्यांदा उघडून बंद केला, तेव्हा सकाळीच मला हाक मारली. मी गाडीशी, हे स्क्रूड्रायव्हर लावून खाली बसलेले.

"क्लच दाब." दाबला. "शीळ जात नाही! रेस दे." दिली. "वाढतही नाही, कमीही होत नाही. मेली छळतेय मला!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. रेस दिली की यंत्रातला आवाज बदलणारच, हे मला ह्यांनीच शिकवलेलं, तेही टपल्या मारून. आणि आता स्वतःच विसरले? मी ताडकन किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"बंद का केलीस?" हे खेकसले.

"मला नाही ऐकायची तुमची ती शीळ!"

"बंद करून थांबणार आहे का ती? ही बघ, वाजतेच आहे अजून!"

बोलले आणि तिथेच थांबले.

गॅरेजात चिटपाखरूसुद्धा नव्हतं. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, दुसऱ्या कानाला लावला, मग खाली ठेवला. तळव्यांनी दोन्ही कान घट्ट दाबून धरले. चेहरा पांढराफटक पडला होता. मला इतका संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

"चालू कर," हे म्हणाले. मी हलले नाही, तसे हे ओरडले, "चालू कर म्हणतो ना गाडी!"

एरवी मी चार शब्द सुनावले असते. मुकाट्याने किक मारली आणि ते नको म्हणेपर्यंत रेस देत राहिले.