दाजी गप्प बसायला शिकतात

समोरच्या माणसाचं वाक्य त्याचं त्यालाच पुरं करू द्यावं, ही गोष्ट आमच्या दाजींना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कुणीच सांगितली नव्हती. कुणी सांगायला गेलं असेलच, तर तेही वाक्य दाजींनीच पुरं केलं असणार. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान, नात्याने माझे साडू. पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. इथे सिंगापुरातल्या हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या, रांगेत मी "वन टी" म्हणतो न म्हणतो तोच मागून दाजी "लेस शुगर" जोडतात. मला साखर भरपूर लागते, पण सिंगापुरात आल्यापासून मी फिका चहा पितोय. आमच्या लग्नाच्या वेळी मोठ्यांनी बायकोला विचारलं होतं, मुलगा पसंत आहे का? "आहे," असं दाजी म्हणाले. आपण अजून विचार करत होतो, असं बायको भांडण झालं की सांगते.

असा माणूस जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावरची बावीस वर्षांची इंजिनिअरची नोकरी सोडून शैक्षणिक मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण शिकायला विद्यापीठात चालला, तेव्हा आम्ही त्यांच्यापेक्षा त्यांच्या प्राध्यापकांचीच काळजी केली. गळ्यातला कंपनीचा पास गेला, पाठीवर सॅक आली. निदान दिवसभर घरात तरी नसतील, एवढंच ताई म्हणाल्या. मग त्या शास्त्राने आमच्या घरांचा ताबा घेतला. मी किल्ल्या विसरलो की पूर्वी दाजी मला वेंधळा म्हणत. आता ते माझी वर्किंग मेमरी तपासू लागले. ताई चिडल्या की शांतपणे वही काढून तीन रकाने आखायचे: आधी काय घडलं, मग काय वागणूक दिसली, नंतर काय झालं. "चिडली" असं लिहायचं नसतं म्हणे, जे डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. म्हणून दुसऱ्या रकान्यात "लाटणं आपटलं" अशी नोंद व्हायची. तिसरा रकाना भरायच्या आत ताई वही हिसकावून घ्यायच्या.

लेखी परीक्षांत दाजी पहिल्या पाचांत आले. घोडं अडलं ते प्रत्यक्ष वर्गातल्या सरावापाशी. नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे दिला होता. त्याला सगळं समजायचं, पण शब्द जुळवायला फार वेळ लागायचा. त्याला प्रश्न विचारायचा आणि मनात दहा अंक मोजत गप्प बसायचं, एवढंच काम. दाजी तीनपर्यंत पोचायचे. पर्यवेक्षक बाईंनी तास पाहून त्यांना नापास केलं. प्रश्नही तुम्हीच विचारलात आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, मग मुलगा कशाला आला होता, असं त्यांनी विचारलं. महिन्याभराने एकदाच पुन्हा तास बघणार होत्या. तोही बिघडला असता तर पदवी नाही, आणि मागे सोडलेली नोकरीही नाही. दाजींनी सरावासाठी तोंडात पाण्याचा घोट धरून हिंडायला सुरुवात केली. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पाणी प्यायला बंदी आहे. नुसतं तोंडात धरलेलं चालतं का, हे विचारायला त्यांचं तोंड रिकामं नव्हतं. एका चिनी आजीने त्यांना मुकं समजून हाताला धरून बिशान स्टेशनवर उतरवून दिलं. त्यांना जायचं होतं बरंच पुढे. बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला यिशुनला त्यांच्याकडे जेवायला जमलो, तर "भाजी हवी?" असं विचारून आमच्या तोंडाकडे एकटक बघत बसले. मुलं इथल्या लोकांसारखं शेपटाला "लाह" लावून "येस लाह, काका, येस" म्हणून थकली, तरी दहा झाल्याशिवाय पळी हलली नाही.

दुसऱ्या तासाच्या वेळी, दाजी सांगतात, त्यांनी मांजराचं चित्र दाखवून मांजर काय करतंय ते विचारलं. दहा झाले, वीस झाले. उत्तर दाताशी येऊन बसलं होतं, त्यांनी ओठ मिटून ठेवले. एकतिसाव्या अंकाला मुलगा म्हणाला, "कॅट स्लीपिंग लाह." दाजी पास झाले. त्या रविवारी आम्ही पेढे खायला गेलो, तर त्यांनी पेढ्यांचा डबा आमच्यापुढे ठेवला. मग आपणहून म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असाच अडखळायचा. शाळेत, दुकानात, सगळीकडे त्याच्या वतीने मीच बोललो. मला वाटायचं, मी त्याला सांभाळतोय." दाजींना असं काही बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे नागपूरला त्या भावाला फोन लावला, "कसा आहेस?" एवढंच विचारलं आणि थांबले. फोन स्पीकरवर होता. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"दा... दादा, लाइन तुटली का?"

"नाही रे. तू बोल, मी आहे."

भाऊ बोलायला लागला. शेजाऱ्यांच्या गाईबद्दल, गुडघ्याबद्दल आणि पंचवीस वर्षांपूर्वी दाजींनी त्याच्या वतीने बोलून टाकलेल्या, पण त्याला न पटलेल्या एका गोष्टीबद्दल, एकेक शब्द जुळवत तो बोलत राहिला. ताईंनी ताटं वाढलेली होती, पण कुणी उठलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे गार वरणभात जेवलो.