पायाळू सून

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं नाही, आधी पाय बाहेर आले. तिसगावच्या आमच्या घरात या गोष्टीचं कौतुक होतं आणि धास्तीही. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो वाकडा होत आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा. आई मला हाक मारायची, मी त्याच्या पाठीला पाय लावायचे आणि तो माणूस 'उतार पडला बघा' म्हणत उठायचा. दुसरीकडे, पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ गडगडलं की मला घरात कोंडलं जायचं. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, असाही लोकांचा समज. त्यामुळे माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, "सासरी यातलं अवाक्षर काढू नको. न्हाई तर कुदळी घिऊन तुला रानोरान हिंडवतील."

मी अवाक्षर काढलं नाही. माझ्यासारख्या बडबडीला हे किती अवघड गेलं, ते माझं मलाच माहीत.

सासर राहुरीकडच्या देवळालीला. आमच्या कोरड्या तिसगावातून मी एकदम उसात येऊन पडले होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधलं ते वर्ष. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई कडक. डोक्यावरचा पदर सरकलेला चालायचा नाही, जेवताना बोललेलं चालायचं नाही, मोठ्यांच्या अंथरुणाला पाय लागला तर लगेच नमस्कार. आणि या एवढ्या ताठ बाईची कंबर मात्र ताठ राहत नव्हती. तरुणपणी उसाचं बेणं लावताना, कांदा लावताना दिवसदिवस वाकलेली कंबर ती. सात-आठ वर्षं दुखत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, फळीवर झोपायला सांगितलं. आत्याबाई फळीवर झोपायच्या आणि सकाळी भिंतीला धरून उठायच्या. जमिनीवर तर त्यांना घटकाभरही बसवत नव्हतं.

माघात नणंदेचं लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त निघाला. सगळे आनंदात असताना मामंजी, म्हणजे माझे सासरे, सहज बोलून गेले, "कन्यादानाला माजा धाकटा भाऊ आन त्याची मंडळी बसंल. हिला काय बसवत न्हाई."

बोलण्यात काही वावगं नव्हतं. कन्यादानाला पाटावर तासभर बसायचं, आणि शेवटी आईनं पुढं वाकून लेकीच्या हातावर झारीनं पाणी सोडायचं. धार मध्ये तुटता कामा नये. चुलत सासूबाईंनी तर त्याच दिवशी नेसायचं पातळ काढून ठेवलं. मी पाणी आणायला आत गेले, तर आत्याबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. एकुलती एक लेक. मला एवढं वाईट वाटलं की हातातला तांब्या तिथंच ठेवून मी म्हणाले, "आत्याबाई, तुमीच बसायचं." त्या म्हणाल्या, "बसायला कंबर आन."

कंबर नाही, पण मी चोळणारी मावशी आणली. गावातल्या बाळंतिणी आणि बाळं तिच्याच हाताखालून जायची. वाळलेल्या खारकेसारखी बाई, पण पंजे पुरुषाचे. लोखंडी पळीत तिळाचं तेल, लसूण आणि ओवा कडकडवायची, निवलं की थेंब आपल्या मनगटावर टाकून बघायची. आत्याबाईंनी पालथं पडून कंबर दाखवली, तर ही बसली पायाशी.

"अगं, कंबर दुखती माजी!"

"म्हाईत हाय. घरात धूर झाला म्हनून धुराला धरत्यात व्हय? चूल बघायची." आणि तिनं पोटऱ्या चोळायला घेतल्या.

पोटऱ्या, मग मांड्या, मग खुबे, आणि सगळ्यात शेवटी कंबर. मणक्यावर ती हात टाकायची नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे सरकवत न्यायची. वर निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मग कढत पाण्याची अंघोळ. पंधरा दिवसांत आत्याबाई भिंत न धरता उठू लागल्या. पण कमरेच्या डाव्या अंगाला एक गाठ होती, ती काही केल्या सुटेना.

"हितं हाताचं काम न्हाई," एके दिवशी मावशी म्हणाली. "पाय पायजे. घरात कुनी पायाळू हाय का?"

आईची ताकीद, कुदळी, गुप्तधन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि तोंडातून निघालं, "मी हाय."

आत्याबाईंनी पालथ्या पडल्या पडल्या मान वळवली. "लग्न ठरताना का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? रंग बघितला, सैपाक इचारला. आधी डोकं आलं का पाय, हे कुनीच इचारलं न्हाई."

मावशी फिसकन हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. सुनेनं सासूच्या अंगाला पाय लावायचा, तोही मुद्दाम? दोन दिवस त्यांनी नुसतं चोळूनच घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पायाळूचा पाय म्हंजी औषध. औषधाला सून-सासू नसती. पन दार लावून. आन ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

मग रोज सकाळी पुरुष माणसं मळ्यात गेली की आमचा कारभार सुरू. आढ्याच्या कडीला मावशीनं दोर बांधला. मी दोराला लोंबकळून अंगाचा भार वर ठेवायचे आणि उजवा पाय मावशी दाखवेल तिथं टेकवायचे. "टाच न्हाई, चवडा! मनका सोड! आता हळू भार दे... आजून... चिखल न्हाई तुडवायचा पोरी, सासू हाय ती!" मला हसू आवरायचं नाही. मी हसले की दोर हलायचा, दोर हलला की पाय हलायचा आणि खालून आत्याबाई ओरडायच्या. पण पाय लावण्याआधी मी वाकून नमस्कार करायचा आणि उतरल्यावर पुन्हा करायचा, हा नेम त्यांनी एक दिवसही चुकू दिला नाही. पालथ्या पडूनच त्या दोन्ही वेळेला आशीर्वाद द्यायच्या. त्या दोन महिन्यांत मला जेवढे आशीर्वाद मिळाले, तेवढे सात सुनांना पुरले असते.

आणखी एक घडलं. चवड्याखाली ती गाठ सैल होत जाताना आत्याबाई बोलायला लागल्या. स्वतःच्या लग्नाचं, वारलेल्या आईचं, पहिल्यांदा ऊस लावला त्याचं. समोर बसून त्या माझ्याशी असं कधीच बोलल्या नव्हत्या. मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या, अगदी मनापासून.

एकदा मावशीला वेशीपर्यंत पोचवताना मी विचारलं, "मावशे, पायाळूच्या पायात खरंच गुण असतो का गं?"

"ते देवाला ठावं," ती म्हणाली. "मला हलक्या पोरीचा पाय पायजे हुता. नुसतं सुनेचा पाय म्हनले असते, तर तुजी सासू मेली तरी कबूल झाली नसती. तू न्हाई म्हनली असतीस, तरी मी तुला पायाळू केली असती."

मी रस्त्यातच पोट धरून हसले. आत्याबाईंना मात्र हे कधी सांगितलं नाही. काही अवाक्षरं मलाही गिळता येतात.

वैशाख आला. आत्याबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, मी बसणार. चुलत सासूबाईंनी तरी ते काढून ठेवलेलं पातळच नेसलं आणि पाटाशेजारी येऊन उभ्या राहिल्या, लागलं तर असावं म्हणून. मी आत्याबाईंच्या मागे, मांडवाच्या मेढीला टेकून.

अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. आत्याबाईंची पाठ सरळ. नणंदेचा हात मामंजींच्या हातावर ठेवला, भटजींनी खूण केली, आत्याबाईंनी झारी उचलली आणि पुढे वाकून धार सोडली. निम्मे मंत्र झाले असतील, तोच त्यांचा डावा खांदा खाली आला. मला ती खूण पाठ होती. गाठ पुन्हा आवळली होती. झारी थरथरायला लागली, धार बारीक झाली. चुलत सासूबाईंनी हात पुढे केला.

आत्याबाईंनी झारी सोडली नाही. मान न वळवता, भरल्या मांडवात त्या म्हणाल्या, "पोरी, पाय दे."

मी कुजबुजले, "हितं?"

"मग काय घरी जाऊन?"

मी मेढ दोन्ही हातांनी धरली, नेसूचा शालू सावरला आणि उजव्या पायाचा चवडा सासूबाईंच्या कमरेवर, डाव्या अंगाला, रोजच्या जागी टेकवला. हळूहळू भार दिला. पायाखाली गाठ सैल झालेली मला कळली. खांदा वर आला, धार जाड झाली आणि शेवटच्या मंत्रापर्यंत तुटली नाही. बायकांच्या घोळक्यात मावशी तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी पाय काढला आणि सवयीनं वाकून नमस्कार केला. आत्याबाईंनी ओल्या हातानं आशीर्वाद दिला, तोही सवयीनं.

मग मांडवाला वाचा फुटली. वरपक्षाकडची एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "सुनेचा पाय सासूच्या पाठीवर! कलियुग गं बाई, कलियुग!"

आत्याबाई पाटावरून उठल्या. कुणाचाही हात न धरता.

"असंल कलियुग," त्या म्हणाल्या. "पन माज्या लेकीचं पानी मीच सोडलं."