माझ्या तोंडावर बासरी

पडद्यावर माझं थोबाड आलं, बैलगाडीएवढं. तोंड हलतंय, आवाज नाही. आवाज बासरीचा. मग मी हसले, म्हणजे पडद्यावरची मी, आणि चिखलीच्या कॉलेजचा अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पहिल्या रांगेतले पाहुणे सरांना म्हणाले, "किती गोड आजी आहे हो."

शेजारी माझी नात रडत होती.

प्रकल्प तिचा. गावातल्या विहिरी आणि पाणी भरणाऱ्या बायका. कागदावर लिहायचं नाही, मोबाइलात नकाशा करायचा, असं तिनं ठरवलं. प्रत्येक विहिरीचा एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथली बाई बोलते. उंद्रीच्या पुढं आमचं गाव. तिथल्या मोठ्या विहिरीच्या ठिपक्यात मी बोलले होते. सर म्हणाले, पाहुण्यांसमोर वातावरण बिघडायला नको. नकाशा बाजूला ठेवला, त्याची फिल्म केली. माझे शब्द कापले. हसणं ठेवलं.

ते शब्द असे होते. मोठ्या विहिरीला आमच्या जातीनं हात लावायचा नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं. मोठ्या घरातल्या बाई येतील, त्यांच्या मनात आलं तर वरून धार सोडतील. मी नवी नवरी. काय शहाणी होते! चिंच लावून, राखेनं घासून घागरीचा आरसा करायची, त्यांना किळस येऊ नये म्हणून. नवरा म्हणायचा, देवाची भांडी कोणी एवढी घासत नाही. एकदा माझ्या घागरीचा काठ त्यांच्या बादलीला लागला. बाईंनी भरलेली बादली माझ्या पायाशी उपडी केली. म्हणाल्या, "घासली म्हणून घागरीची जात जाते का?" सगळ्या हसल्या. आणि ही बावळट? हीपण हसली. फिदीफिदी. ओल्या लुगड्यानं, रिकामी घागर घेऊन. घरी सासू तापानं फणफणत पाणी मागत होती.

हे सांगतानाही मी हसले होते. सवय. तेव्हा त्यांना माझं तेवढंच चालायचं. आताही तेवढंच चाललं.

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हटलं गप बसा. स्टेजजवळ गेले.

"बासरी बंद करा. मले बोलू द्या."

सर म्हणाले, "आजी, कार्यक्रम संपल्यावर बोलू."

"संपल्यावरच बोलत आली मी."

मग नातीकडे वळले. "लाव वं पोरी, खरं हाये थे." तिनं डोळे पुसले, मोबाइल माइकपाशी धरला, ठिपक्यावर बोट ठेवलं. बादली उपडी होईपर्यंत लोकांनी ऐकलं. टाळ्या नाहीत. गोड म्हणणारे पाहुणे चहाला निघून गेले.

नंतर सरांनी तिला सांगितलं, तो ठिपका काढ, नाहीतर प्रकल्प जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार नाही. पोरगी जेवली नाही. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "नाही काढत मी." प्रकल्प गेला नाही.

ठिपका आहे. मीच तिला म्हटलं, त्यातलं जुनं बोलणं पुस, पुन्हा भर. ओट्यावर बसले, पहिल्यापासून सांगितलं. बादलीपाशी आले तेव्हा तोंड आपोआप पसरायला लागलं, जुनी खोड. ओठ आवळले. हसले नाही. आता कापायला बसू द्या त्यांना. ठेवण्यासारखं गोड काही सापडणार नाही.