शेजारणीने सांगायचे नाव

नगरच्या बंबखान्यात प्रभुदास नावाचे फायरमन होते. आमच्या वस्तीला लागून बर्फाचा कारखाना होता व त्यात अमोनिया वायू असे. तो गळाल्यास लोकांनी काय करावे, हे शिकविण्यासाठी १९७१ साली त्यांना आमच्याकडे पाठविण्यात आले.

नाकाला ओले फडके धरावे आणि वारा जिकडून येतो तिकडे चालावे, असे ते करून दाखवीत. मग मैदानात जमून, घरात कोण राहिले त्याचे नाव प्रत्येकीने सांगावयाचे.

पहिल्या सरावात काही पुरुष मुद्दाम घरात ठेवले होते. परंतु आम्ही बायका मुक्या उभ्या राहिलो. नवऱ्याचे नाव घेण्याची आमच्यात रीत नव्हती. बंबाचे साहेब संतापले. प्रभुदास म्हणाले की घरी बायकोला, हन्नाला, विचारून पाहतो.

पुढच्या खेपेस त्यांनी नियम बदलला. प्रत्येकीने शेजारणीच्या नवऱ्याचे नाव सांगावे. माझी शेजारीण कडूबाई. तिने आमच्या मालकांच्या नावाने अशी हाक फोडली की कोणीतरी म्हणाले, "कडूबाई, दमानं. मेलेलं मानूस उठंल."

पुढे कडूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मिरजगावला गेली आणि त्याच दिवसांत वायू खरोखर गळाला. दुपार होती. मी नळावर होते. मालक तापाने घरात पडलेले. परत धावले तर गल्लीच्या तोंडाशीच डोळ्यांची आग होऊ लागली. तोवर बंब येऊन पोचला होता. प्रभुदासांनी मला अडविले.

"आत कोण आहे, गोजरबाई?"

माझ्या बाजूला कडूबाई नव्हती. तोंडातून शब्द निघेना. प्रभुदास रागावले नाहीत. पाठीवर हवेची टाकी बांधीत माझ्याकडे पाहत राहिले.

"आसाराम," मी म्हणाले. "आसाराम आत हायेत. मधल्या खोलीत."

त्यांनी मालकांना खांद्यावर घालून बाहेर आणले, डोळे पाण्याने धुतले व सावलीत बसविले. पुष्कळ वेळाने मालकांना बोलता आले.

"मी आत हाय, हे कुनी सांगितलं?"

"शेजारणीनं," प्रभुदास म्हणाले.

"कडूबाई तर मिरजगावला हाय."

प्रभुदास मान खाली घालून टाकीचे पट्टे सोडू लागले. मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी पदर सावरून दुसरीकडे पाहू लागले. मालकांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी आधी मला दिला.