पेरू

मी लिहिणारा माणूस नव्हे. चौथीत शाळा सुटली. पण इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचा अंक काढणारा विनायक रोज गंगेवरच्या राजा घाटावर येऊन छळतो, "काका, हॉटेलातले किस्से द्या!" कोल्ड रूम सांभाळत जन्म गेला, तिथे बर्फ साचतो तसे किस्सेही साचतात. घे बाबा, आणि यापुढे माझा चहा निवू देऊ नकोस.

*

कॅन्टोन्मेंटच्या हॉटेलात नवा लागलो होतो. आमचे खानसामे रहीम उस्ताद म्हणाले, "पंडितजी, कल पेरू आ रहा है. जगह बनाइए."

घरी जाऊन आईला सांगितलं, पेरू सांभाळायचं काम मिळालं! आई खूश. "फळांचं काम, सोवळ्यातलं!"

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून खोका आला. उघडला तर आत बिनमुंडीचा पांढरा पक्षी, कोंबडीच्या चौपट! टेबलावर ठेवला तर पाटा आपटल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "हा पेरू?"

"पेरू यानी टर्की. आप क्या अमरूद समझे थे?"

आईला खरं सांगायचं राहून गेलं.

*

उस्तादांचे नियम ऐकून मी चाटच पडलो. गोठलेल्या पक्ष्याचा बर्फ कोल्ड रूममध्येच सुटू द्यायचा, बाहेर नाही. खोल परातीत, सगळ्यांत खालच्या फळीवर. त्याच्या पाण्याचा थेंब कशावर पडता कामा नये. हात लागला की साबण. सुरी वेगळी. अहो, हे तर आमच्या घरचं सोवळं!

चौथ्या दिवशी वरून दाबला, लोण्यासारखा मऊ. म्हटलं, झालं. उस्ताद म्हणाले, "अंदर हाथ डालिए."

घातला. पोटात बर्फाचा गोळा तसाच! चार दिवस झाले तरी आत हिमालय बसलेला.

*

एका नाताळाला गाडी लेट. पक्षी आला आणि दुसऱ्या दिवशी साहेबलोकांची पार्टी. नवा मॅनेजर म्हणाला, "धूप में रख दो!"

उस्ताद म्हणाले, "साहब, अंदर बर्फ रहेगी और ऊपर से सड़ जाएगा." मग पक्षी पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवला. ते पाणी सारखं बदलायचं. दिवसभर बदलून बदलून माझी बोटं निळी पडली.

मॅनेजरला नवी अक्कल सुचली. "गंगाजी में बाँध दो, पानी खुद बदलता रहेगा!"

मी म्हटलं, "साहब, वहाँ मेरी माँ नहाती है!"

*

इकडे आईचं टुमणं, "एवढे पेरू सांभाळतोस, एक तरी आण." बाजारातून लालबुंद अलाहाबादी पेरू नेले. आई खाऊन म्हणाली, "बर्फात राहून इतका ताजा! देवाची करणी!"

*

संक्रांतीला उस्ताद तिळगूळ घ्यायला घरी आले. आई कौतुकाने म्हणाली, "आपका पेरू बहुत मीठा था."

उस्तादांच्या हातातला लाडू पडला. "माताजी... आपने खाया?"

झालं! सगळं उघडं पडलं. माझा थोरला भाऊ अण्णा, पूजा सांगणारा, ताडकन उठला. "आजपासून दत्तूचं पान बाहेर!"

तेव्हापासून मी ओसरीवर जेवायचो, एकटा. आतून पंगतीचं हसणं ऐकू यायचं.

*

वडिलांच्या तिथीला आई ओसरीवर आली. माझ्यासमोर बसली.

"तो पक्षी ठेवतोस कुठे?"

"सगळ्यांत खाली."

"त्याच्याखाली?"

"काही नाही."

"शिवल्यावर?"

"साबणाने हात. मगच दुसरं काम."

"सुरी?"

"त्याची त्याला. भाजीला लागत नाही."

आई आत तोंड करून ओरडली, "अरे अण्णा, याचं सोवळं तर माझ्याहून कडक आहे!"

उठली आणि भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. "वाढ."

मी वाढत गेलो. अण्णाने पानावर आडवा हात धरला. आई म्हणाली, "भात आज दत्तूच वाढणार. जेवायचं तर जेव."

अण्णाने हात काढला. मागून दोनदा भात घेतला!

आई गेली त्यालाही वर्षं झाली. अण्णा रोज संध्याकाळी घाटावर माझ्या शेजारी बसतो, माझ्या पुडीतले दाणे खातो. वरून अगदी मऊ झालाय. पण "दत्तू, चुकलो" हे दोन शब्द त्याच्याकडून यायचेत अजून.